सीपॅपचा मास्क रात्री दोन वाजता निघालेला असतो. सवय कशी लागेल?

आपण लिहिले आहे की सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र) घरी येऊन तीन आठवडे झाले, तरी मास्क लावताच जीव गुदमरतो आणि कशीबशी झोप लागली तरी दोनच्या सुमारास तो उशीशेजारी पडलेला सापडतो. मी ग्वाल्हेरला लश्कर भागात राहतो. झोपेच्या तपासणीत माझा श्वास तासाला सरासरी ३८ वेळा अडत असल्याचे निघाले (३० च्या वर या विकाराचा तीव्र प्रकार मानतात), आणि आता चार वर्षे मी रोज मशीन लावून झोपतो. सवय लागायला मात्र मला दोन महिने लागले, तेव्हा तीन आठवड्यांत कृपया निराश होऊ नका.

माझा अनुभव असा, की मास्कची सवय झोपेत लागत नाही, ती जागेपणी लावून घ्यावी लागते. मी संध्याकाळी बातम्या पाहताना आधी मास्क नुसता हाताने नाकाशी धरून बसू लागलो, काही दिवसांनी पट्टे बांधून आणि मग मशीन सुरू करून अर्धा तास. गुदमरल्यासारखे वाटते ते हवा कमी पडते म्हणून नव्हे, तर श्वास सोडताना समोरून हवेचा दाब येतो म्हणून. आणि घसा उघडा राहतो तो याच दाबामुळे. मशीनमध्ये 'रॅम्प' नावाची सोय असते, तिच्यामुळे दाब कमी सुरू होऊन हळूहळू वाढतो. ती आपल्या मशीनवर चालू आहे का, हे पाहून घ्या. ठरवून दिलेला मूळ दाब मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

हवा गळू लागली की मी पट्टे आवळत असे, आणि सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ उठलेला असे. खरे तर आडवे होऊन, मशीन चालू ठेवून, पट्टे थोडे सैल करावेत आणि मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा टेकवावा, म्हणजे सिलिकॉनची कड हवेने फुगून आपोआप बसते. ती कड रोज सौम्य साबणाने धुवावी, कारण चेहऱ्याच्या तेलकटपणामुळे ती सरकते. सकाळी तोंड कोरडे पडत असेल, तर झोपेत तोंड उघडे राहत असावे; हे डॉक्टरांना अवश्य सांगा, मास्कचा प्रकार बदलावा लागू शकतो.

आमच्याकडे जानेवारीत आणखी एक त्रास होतो. ह्युमिडिफायरच्या (मशीनमधली हवा दमट करणाऱ्या भागाच्या) दमट हवेतल्या वाफेचे गार नळीत पाणी होते, नळी गुळगुळ वाजू लागते आणि मध्यरात्री नाकावर थेंब पडतो. त्यावर मी नळी रजईच्या आत घेतो आणि मशीन पलंगापेक्षा खाली, चौरंगावर ठेवतो, म्हणजे पाणी मागे वाहून जाते.

दोन वाजता निघालेल्या मास्कची मला सर्वांत अधिक काळजी वाटते. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्या झोपेत घशाचे स्नायू अगदी ढिले पडतात आणि श्वास बहुधा तेव्हाच अधिक अडतो. म्हणून चार वाजता जाग आली तरी 'आता थोडाच वेळ उरला' असे म्हणू नका. मास्क पुन्हा लावा आणि साखरझोप त्याच्यासकट घ्या.