आपले प्रश्न, आहाराची उत्तरे

प्रश्न : गहू आणि दूध, दही, तूप सोडून पूर्णतः वनस्पतिजन्य आहार घ्यावा, असे मनात आहे. भाकरीवर निभावेल का? खपली गहू चालेल, असे सासूबाई म्हणतात.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : शाळू, बाजरी व नाचणीच्या भाकरीवर उत्तम निभावेल, आपल्या सांगली भागात ही सवय नवी नाही. सासूबाईंचे म्हणणे मात्र मान्य करता येत नाही, कारण खपली हा गव्हाचाच जुना प्रकार असून त्यात ग्लूटेन (गव्हातील चिकट प्रथिन) असते. हिंगाच्या डबीवरील घटकही वाचावेत, कारण बाजारातील हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि हे सहसा कोणाच्या ध्यानीमनी नसते. गहू सोसत नाही या शंकेने तो सोडणार असाल, तर सीलिअ‍ॅक रोगाची (ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच करून घ्यावी. तो बंद केल्यानंतर निष्कर्ष फसवा येऊ शकतो. प्रथिनांसाठी हुलगे, मटकी, शेंगदाणे आणि कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ घरात असतातच. जीवनसत्त्व बी-१२ मात्र वनस्पतिजन्य अन्नातून पुरेसे मिळत नाही. त्याची गोळी डॉक्टरांना विचारून नियमित घ्यावी.