खिशातला कॅमेरा आणि छापण्याजोगे चित्र

प्रश्न : गडावर जड कॅमेरा नेणे आता झेपत नाही. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याने छापण्याजोगी छायाचित्रे मिळतील का?

उत्तर : नक्कीच मिळतील, मात्र कॅमेरा निवडताना मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीचा, आकार पाहावा. २०१९ साली आलेल्या रिको जीआर ३ या कॅमेऱ्याचे वजन बॅटरी व कार्डासह सुमारे २५७ ग्रॅम असूनही त्यात मोठ्या कॅमेऱ्यांतला एपीएस-सी आकाराचा सेन्सर आहे. त्याला झूम नाही, पण स्वतः पुढे-मागे सरकून चौकट जुळवण्याची सवय, माझ्या मते, मांडणी सुधारतेच. हलका कॅमेरा बटण दाबताना चटकन हलतो, म्हणून महादरवाजाच्या देवडीतल्या अंधुक उजेडात तो दगडी कट्ट्यावर टेकवून, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) कमी ठेवून आणि दोन सेकंदांचा टायमर लावून रॉ (प्रक्रिया न केलेल्या मूळ) स्वरूपात छायाचित्र टिपावे.