आधी गुणगुणा, मग पट्ट्यांना हात लावा
कीबोर्डवर गाणं बसवताना त्याची ओळ तोंडाने नीट म्हणता येत नसेल, तर ती बोटांनाही सापडणार नाही. म्हणता आली की सा शोधा: चाल जिथे येऊन विसावते तो सूर, बहुधा शेवटचा. मग डाव्या हाताने तीनच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे तीन-तीन सूर: सी मेजरमध्ये (सीला सा धरलेली मेजर स्केल) सी, एफ आणि जी. या स्केलचे सातही सूर या तिघांत मिळून येतात, त्यामुळे साध्या चाली एवढ्यावर निभावतात.

पाठ करताना दरवेळी पहिल्यापासून सुरू करू नका. मी वर्षानुवर्षं तेच केलं. मुखडा झोपेतही यायचा, अंतऱ्यात अडकलो की पुन्हा श्रीगणेशा! शेवटच्या ओळीपासून मागे या. सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण मात्र सध्या नकोच. बोट सीवर आणि ऐकू येतो डी, कान पार गोंधळतो.