कॅन्सर गेला, आवाज मात्र बसलेलाच

प्रश्न : मिस्टरांना स्वरयंत्राचा कॅन्सर झाला होता, लवकर कळला म्हणून नुसत्या रेडिएशनवर भागलं, त्याला आता वर्ष होत आलं. रिपोर्ट क्लिअर आहेत. पण आवाज घोगरा, संध्याकाळपर्यंत तर पार बसतो. फोन वाजला की माझ्या हातात देतात, चार लोकांत गप्प असतात. घरचे म्हणतात जीव वाचला ना, आवाजाचं काय घेऊन बसलात. आवाजाला आराम म्हणून हे आता कुजबुजत बोलतात, ते बरोबर आहे का?

उत्तर : ताई, कुजबुजणं आधी बंद करायला सांगा. त्यात आराम वाटतो खरा पण बऱ्याच जणांचा गळा उलट जास्त आवळला जातो. हळू पण नेहमीच्या आवाजात बोलायचं, थकलं की थोडं थांबायचं.

होतं काय की आपण बोलतो तेव्हा स्वरतंतू सेकंदाला शंभराच्या वर वेळा थरथरतात, आणि त्यांच्यावरचं मऊ ओलसर आवरण लाटेसारखं हलतं म्हणून आवाज स्वच्छ येतो. रेडिएशनने गाठ जाते पण आजूबाजूचा भागही भाजून निघतो, सुरुवातीची सूज उतरते आणि मग काही महिन्यांनी तिथे कडकपणा येतो, ओलावाही कमी होतो. तंतू नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते, मग माणूस नकळत वरचे स्नायू दाबून आवाज काढतो आणि संध्याकाळी गळा दुखतो तो त्यामुळे.

हे सगळंच पूर्ववत होईल असं मी म्हणणार नाही. पण ती दाबून बोलायची सवय सुटते, आणि त्यासाठी वर्ष झालं म्हणजे उशीर झाला असं अजिबात नाही. ईएनटी डॉक्टरांकडून दुर्बिणीने तंतू बघून घ्या आणि स्पीच थेरपिस्टची चिठ्ठी मागा (मागावीच लागते बरेचदा, कोणी आपणहून देत नाही). एक व्यायाम हमखास शिकवतात, ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉ जेमतेम बुडवायचा आणि त्यातून 'ऊऽऽ' करायचं, बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत, गळ्यावर ताण जाणवला नाही पाहिजे. आधी थेरपिस्टसमोरच करा, यूट्यूब बघून नको. दिवसभर घोट घोट पाणी, सिगारेट-तंबाखू पूर्ण बंद, आणि चार लोकांत बोलायचं असेल तर कॉलर माइकचा छोटा स्पीकर लावा, त्यात लाजायचं काय?

आणि घरच्यांना सांगा, हे नखरे नाहीत. आवाजाचा त्रास मोजायला डॉक्टर वापरतात ती 30 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, 1997 सालची, तिच्यात फोन टाळण्याबद्दल चक्क वेगळा प्रश्न आहे. म्हणजे तुमचे मिस्टर करतात ते जगभर लोक करतात. जीव वाचल्यावर माणसाला बोलायचंही असतं ना.

थायरॉईड तपासलाय का? मानेला रेडिएशन घेतलेल्यांचा तो पुढे कमी होऊ शकतो, त्यानेही आवाज जड होतो आणि थकवा येतो, म्हणून सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करत राहायचं. मात्र सुधारत आलेला आवाज परत बिघडायला लागला, गिळताना किंवा कानात दुखलं, थुंकीतून रक्त आलं, तर पुढच्या फॉलोअपच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा. श्वास अडकायला लागला तर सरळ इमर्जन्सीत न्या.