कॉमचेकची नोकरी: डेटा एन्ट्री की इंजिनिअरिंग?

पत्र थोडक्यात असं: सांगलीची विद्यार्थिनी, मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष. पुण्यातल्या एका एमईपी (मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग) ऑफिसची ऑफर हातात आहे. काम अमेरिकेतल्या दुकानांचं, ऑफिसांचं, शाळांचं, आणि पहिलं वर्ष ‘मुख्यतः कॉमचेक करायचं’ असं मुलाखतीत सांगितलं. बाबा म्हणतात, ही डेटा एन्ट्री झाली, त्यापेक्षा एमआयडीसीत कारखाना बरा. त्यातच एक क्लास चाळीस हजारांत कॉमचेक शिकवतो म्हणे. क्लास लावू का, आणि ऑफर घेऊ का?

क्लासचं आधी मिटवू. लावू नकोस. कॉमचेक हे अमेरिकेच्या ऊर्जा खात्यासाठी पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीने बनवलेलं, इमारत ऊर्जा-बचतीच्या नियमांत (कोडमध्ये) बसते का ते तपासणारं सॉफ्टवेअर आहे. ते फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, आणि त्याचं प्रशिक्षणही ऊर्जा खात्याच्या बिल्डिंग एनर्जी कोड्स प्रोग्रामकडून फुकट मिळतं. कोणत्या टॅबमध्ये काय भरायचं हे दोन दिवसांत समजतं. त्यासाठी चाळीस हजार मोजणं म्हणजे कॅल्क्युलेटर वापरायला शिकवणी लावणं.

बाबांचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. कोणीतरी ड्रॉइंगवरून आकडे काढून द्यायचे आणि तू ते रकान्यांत भरायचे, अशी वाटणी असेल तर ती डेटा एन्ट्रीच. आर्किटेक्चरल, इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल शीट्स उघडून आकडे तूच काढणार असशील, तर वर्षभरात इमारत वाचायला शिकशील. कुठे काय चुकतं ते पाहिलंस की हा फरक तुला कळेल.

पहिली चूक आकडे भरायच्या आधीच होते: कोड चुकीचा निवडला जातो. अमेरिकेत सगळीकडे एक ऊर्जा कोड नाही. कुठे आयईसीसी (इंटरनॅशनल एनर्जी कन्झर्वेशन कोड), कुठे ॲश्रे या इंजिनिअरांच्या संघटनेचं ९०.१ मानक, आणि त्यांच्या वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या. टेक्सासने व्यावसायिक इमारतींसाठी राज्यभर आयईसीसी २०१५ लागू केला, पण त्याच राज्यातल्या ऑस्टिन शहराने २०२१ ची आवृत्ती घेतली. कॅलिफोर्नियात तर टायटल २४ हा राज्याचा स्वतःचा कोड आहे. तिथे कॉमचेक चालतच नाही. म्हणून प्रोजेक्ट हातात आलं की आधी त्या शहराच्या बिल्डिंग डिपार्टमेंटचं पान उघडायचं, ड्रॉइंगच्या कव्हर शीटवरचा कोड त्याच्याशी ताडायचा, आणि मगच सॉफ्टवेअर सुरू करायचं. ‘मागच्या जॉबची फाइल कॉपी कर’ ही सवय इथेच नडते.

नडते म्हणजे किती? ५,५०० चौरस फुटांचं छोटं ऑफिस धर. आतल्या दिव्यांसाठी पूर्ण इमारतीच्या हिशेबाने आयईसीसी २०१५ मध्ये चौरस फुटाला ०.८२ वॉट मिळतात, म्हणजे ४,५१० वॉट. २०१८ मध्ये ०.७९ प्रमाणे ४,३४५. २०२१ मध्ये ०.६४, म्हणजे फक्त ३,५२०. जुन्या आवृत्तीवर आरामात पास झालेलं ४,००० वॉटचं डिझाइन नव्या आवृत्तीवर ४८० वॉटने नापास होतं. आणि हे परमिटसाठी शहराकडे गेल्यावर कळलं, तर दिव्यांची ऑर्डर बदलण्यापर्यंत प्रकरण जातं.

इमारत ‘कमर्शिअल’ आहे का, हेही तपासायचं. जमिनीवर चार किंवा जास्त मजले असलेली रहिवासी इमारत आयईसीसीच्या दृष्टीने कमर्शिअलच असते. तीन मजल्यांपर्यंतचे फ्लॅट आणि घरं रेसचेक या भावंडाकडे जातात.

आता एन्व्हलप, म्हणजे भिंती, छत, काचा, तळ. नवखी मंडळी सर्वाधिक इथे अडकतात. कॉमचेक भिंतीचं ग्रॉस क्षेत्रफळ मागतं, खिडक्यांसकट. खिडक्या त्या भिंतीखाली जोडायच्या, वजाबाकी ते स्वतः करतं. १,००० चौरस फुटांच्या भिंतीत ३०० फुटांची काच आहे आणि तू शहाणपणाने ७०० भरलेस, तर काच दोनदा वजा होते. ३० टक्क्यांची काच सॉफ्टवेअरला ४३ टक्के दिसते. आयईसीसीच्या साध्या, तक्त्याच्या मार्गात काचेची मर्यादा भिंतीच्या ३० टक्केच असल्यामुळे धडधाकट इमारत आजारी ठरते, आणि आर्किटेक्टला उगाच ‘काच कमी करा’ असा ईमेल जातो.

इन्सुलेशनमध्ये दोन आकडे वेगळे ठेवायला शिक: स्टडच्या, म्हणजे भिंतीच्या सांगाड्यातल्या उभ्या खांबांच्या, पोकळीतलं आणि बाहेरून सलग लावलेलं. १६ इंचांवर स्टीलचे स्टड असलेल्या भिंतीत आर-१३ (आर म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता) भरलं तरी स्टीलमधून उष्णता निघून जाते. सगळ्या भिंतीचा यू-फॅक्टर (किती उष्णता निसटते तो आकडा, कमी तितका चांगला) ०.१२४ येतो, म्हणजे हातात जेमतेम आर-८ उरतं, तेही आतला जिप्सम बोर्ड आणि हवेचे थर धरून. त्याच भिंतीवर बाहेरून आर-७.५ चा सलग थर दिला की यू ०.०६४ होतो, जवळपास निम्मा. वॉल सेक्शनवर, म्हणजे भिंतीच्या छेदाच्या ड्रॉइंगवर, ‘आर-२०.५’ असं एकत्र लिहिलेलं दिसलं तर ते पोकळीच्या रकान्यात टाकून मोकळं व्हायचं नाही. आर्किटेक्टला विचारायचं, यातलं सलग किती?

काचेचं तसंच. काच कंपनीच्या पत्रकातला यू-फॅक्टर बहुधा काचेच्या मधोमधचा असतो. कोडला हवा असतो फ्रेमसकट संपूर्ण खिडकीचा, एनएफआरसी या अमेरिकेतल्या खिडक्यांच्या मानांकन संस्थेच्या पद्धतीने काढलेला. तो नसेल तर कोडमधला डीफॉल्ट आकडा घ्यावा लागतो, आणि तो मुद्दाम कडक ठेवलेला आहे: थर्मल ब्रेक असलेल्या धातूच्या फ्रेममधल्या दुहेरी काचेसाठी ०.६५. शिकागो पडतं ५ए हवामान विभागात. तिथे आयईसीसी २०१८ चा तक्ता न उघडणाऱ्या खिडकीला ०.३८ मागतो. एका कागदाअभावी चांगली खिडकी अशी नापास होते. आपल्याकडची आणखी एक खोच: तू एसआय एककांत शिकलीस. पत्रकात यू १.६ दिसला आणि तो वॉट प्रति चौरस मीटर केल्विनमध्ये असला, तर त्याला ५.६७८ ने भागायचं. उत्तर ०.२८.

दिव्यांच्या भागात फिक्स्चर शेड्यूलमधून, म्हणजे ड्रॉइंगवरच्या दिव्यांच्या तक्त्यातून, प्रकार, नग आणि वॉट घ्यायचे. वॉट म्हणजे ड्रायव्हरसकट संपूर्ण फिक्स्चरचे, कटशीटवर (कंपनीच्या माहितीपत्रकावर) ‘इनपुट वॉट’ म्हणून असतात ते. नग मोजताना शेड्यूलवर विसंबू नकोस, प्लॅनवर मोज. रिव्हिजन झाली की प्लॅन बदलतो आणि शेड्यूल तसंच राहतं, हा सनातन रोग आहे.

मेकॅनिकल टॅब वेगळ्या वळणाचा आहे. तिथे टक्क्यांचा खेळ नाही. यंत्राची क्षमता आणि कार्यक्षमता भरली की कोणत्या अटी लागू होतात त्याची यादी निघते. ती यादी कोणी वाचत नाही, ही खरी अडचण. उदाहरणार्थ, आयईसीसी २०१८ प्रमाणे अतिउष्ण १ए आणि १बी विभाग सोडले, तर ५४,००० बीटीयू प्रतितास, म्हणजे साडेचार टनांपासून पुढच्या युनिटला सहसा इकॉनॉमायझर (बाहेरची थंड हवा आत घेऊन गारवा देणारी सोय) लागतो. पाच टनांचं रूफटॉप युनिट सर्रास बसवलं जातं, म्हणजे त्यालाही ही अट लागते. रिपोर्टमध्ये इकॉनॉमायझर आहे, मेकॅनिकल शेड्यूलमध्ये नाही, आणि शहराचा प्लॅन रिव्ह्यूअर नेमकं तेवढंच लाल करून परत पाठवतो.

आणि एक समज डोक्यात पक्का हवा. एन्व्हलप ५ टक्के सरस आला म्हणून दिवे ५ टक्के जास्त चालत नाहीत. एन्व्हलपच्या आत देवाणघेवाण चालते, छत जाड करून काच सांभाळता येते, पण एन्व्हलप, आतले दिवे आणि बाहेरचे दिवे आपापल्या पायांवर पास व्हावे लागतात. ते जमत नसेल तर पुढचा रस्ता म्हणजे पूर्ण इमारतीचं एनर्जी मॉडेल, वर्षातल्या ८,७६० तासांचं. ते काम ईक्वेस्ट, एनर्जीप्लस किंवा डिझाइनबिल्डरवर होतं.

तुझ्या करिअरचं वळणही तिथेच आहे. कॉमचेकवर दोन वर्षांहून जास्त थांबू नये असं माझं मत. अमेरिकेतल्या परमिटवर सही तिथल्या परवानाधारक आर्किटेक्टची किंवा इंजिनिअरची असते. तू कितीही अचूक काम केलंस तरी शिक्का तुझा नसतो. म्हणून या दोन वर्षांत कूलिंग लोड काढायला शीक, ॲश्रे ९०.१ आणि त्यातलं एनर्जी मॉडेलिंगच्या नियमांचं अपेंडिक्स जी वाच, एक मॉडेलिंग सॉफ्टवेअर हाताखालून घाल. ॲश्रे ९०.१ आणि आयईसीसी दोन्ही त्यांच्या संस्थांच्या साइटवर वाचायला फुकट आहेत.

शिकलेलं इथेही वाया जात नाही. आपला ईसीबीसी, म्हणजे भारताचा इमारतींचा ऊर्जा कोड, २००७ साली आला, २०१७ मध्ये सुधारला. २०१७ च्या आवृत्तीत तो १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए करार-मागणी, किंवा त्याहून जास्त, असलेल्या व्यावसायिक इमारतींसाठी आहे. भिंतीचा यू-फॅक्टर, काचेचा एसएचजीसी (उन्हाची किती उष्णता आत येते तो आकडा), दिव्यांचे वॉट, एन्व्हलप ट्रेड-ऑफ: सांगाडा ओळखीचाच वाटेल, फक्त हवामान विभाग पाच आणि एककं एसआय. अनुभव जमला की ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीची एनर्जी ऑडिटरची परीक्षा दे. ते प्रमाणपत्र तुझ्या नावावर राहतं, ऑफिस बदललं तरी.

सरावासाठी आत्ताच एक काम कर. कॉलेजच्या किंवा ओळखीतल्या आर्किटेक्टकडून एका छोट्या ऑफिसचा प्लॅन, एलिव्हेशन आणि वॉल सेक्शन घे. ती इमारत शिकागोत आहे असं समजून कॉमचेकमध्ये भर. एक्सेलमध्ये प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या शीटवरून घेतला ते लिही. मग हवामान विभाग २ए, म्हणजे ह्यूस्टन कर आणि काय बदललं ते बघ. ही फाइल मुलाखतीत दाखवण्याजोगी होते.

ऑफरला होकार देण्याआधी एचआरला नाही, टीम लीडला फोन कर आणि विचार: टेकऑफ (ड्रॉइंगवरून आकडे काढणं) मी करणार की दुसरं कोणी? शहराकडून आलेल्या शेऱ्यांना उत्तर कोण लिहितं? लोड कॅल्क्युलेशन आणि एनर्जी मॉडेलिंग याच ऑफिसात होतं का, आणि तिकडे जायला किती काळ लागतो? पहिल्या दोन प्रश्नांना ‘तूच’ असं उत्तर आलं तर ऑफर घे, आणि हे पत्र बाबांना वाचायला दे. ‘आकडे अमेरिकेहून भरूनच येतात’ असं टीम लीडने सांगितलं, तर बाबांचा सल्ला ऐक.