कुणाचं मिटलं?

ताई, मी सिन्नर तालुक्यातला, वय 20. टर्नर ट्रेडचा, म्हणजे लेथ मशीनवर धातू कातायच्या कामाचा, आयटीआय झाला. 1 तारखेपासून अंबडला एका कंपनीत अप्रेंटिस लागलो. गंगापूर रोडला मामाकडे राहतो. पहिले आठ-दहा दिवस बरे गेले. आता रोज सकाळी पोटात गोळा येतो. मशीन सुरू करताना हात थरथरतो. सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडतात. आयटीआयमध्ये मी वर्गात दुसरा होतो, इथे मला काहीच येत नाही असं वाटतं. मित्र डिलिव्हरीचं काम करून माझ्या स्टायपेंडच्या दुप्पट कमावतो. मामा म्हणतो, नसेल जमत तर सोड, माझं हार्डवेअरचं दुकान आहेच. 11 तारखेला एक पीस मशीनवर मोजला तेव्हा बरोबर 50.00 मिलिमीटर होता, चहा पिऊन आलो तर 49.98 भरला म्हणजे रिजेक्ट, तो मी डब्याच्या पिशवीत घालून नेला आणि उंटवाडीच्या पुलावरून नासर्डीत टाकला, दुसऱ्या दिवशी पीस कमी आहे म्हणून सेकंड शिफ्टच्या काकांना विचारत होते पण ते मिटलं. ताई, हे काम माझं नाहीच असं वाटतं. आता लाइन बदलली तर चुकेल का?
— एक शिकाऊ, नाशिक

बाळा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. सगळी वाक्यं छोटी छोटी, नीट पूर्णविराम दिलेली. एकच वाक्य श्वास न घेता धावत सुटलंय. मशीनवरून चहाला, चहावरून पुलावर, पुलावरून सेकंड शिफ्टच्या काकांपर्यंत, आणि 'पण ते मिटलं' म्हणून धापा टाकत थांबलंय. मी उत्तर त्याच वाक्याला देणार आहे.

बाकीचं आधी बाजूला ठेवते. सुपरवायझर ओरडतात, ओरडू देत. चालू मशीनशेजारी हळू बोललेलं ऐकू येत नाही, आणि तुकडा पकडून गरगर फिरणाऱ्या चकजवळ कुणा पोराची सैल बाही दिसली तर मीही ओरडेन. मित्र दुप्पट कमावतो, ते त्याच्या कष्टाचं आहे, त्याला कमावू दे. मामाने दुकानाचा दरवाजा उघडा ठेवलाय तो प्रेमापोटी, पण हे प्रेम आत्ता तुझ्या कामाचं नाही. पळायला जागा मिळाली की माणूस आपण का पळतोय हे बघत नाही. मामाला सांग, महिनाभर दुकानाचं नाव काढू नको.

आता तारखा बघ. 1 तारखेला लागलास. पहिले आठ-दहा दिवस बरे गेले, हे तूच लिहिलंयस. 11 तारखेला पीस नदीत टाकलास. आणि 'आता' पोटात गोळा येतो. हा आता कधी सुरू झाला, सांग बरं? लेथवर तुझा हात बसत नसता तर तो पहिल्याच दिवशी थरथरला असता. नव्या पोरांचा थरथरतोच, त्यात काही विशेष नाही. तुझा थरथरला नाही. तो थरथरायला लागला ते पुलावरून परत आल्यावर. रोज सकाळी तू त्याच शॉपमध्ये शिरतोस, तेच काका कधीतरी समोरून येतात, आणि तुझ्या पोटाला जे माहीत आहे ते तुझं डोकं मान्य करायला तयार नाही. म्हणून डोक्याने एक सोपं कारण शोधलं: काम माझं नाही.

माझे वडील सातपूरला टर्नर होते. मी सातवीत असतानाची गोष्ट सांगते. त्यांच्या शिफ्टला 40 बुश, म्हणजे धातूच्या छोट्या पोकळ नळ्या, मोजून दिले होते, परत करताना 39 भरले. कुणी त्यांना चोर म्हटलं नाही. फक्त सुटताना गेटवर त्यांची पिशवी उलटी केली आणि डबा उघडायला लावला. मागे सगळी शिफ्ट रांगेत उभी. डब्यात अर्धी भाकरी उरलेली होती. त्या रात्री ते जेवले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, "आज डबा उघडून बघितला." बुश कुठे गेला ते कधीच कळलं नाही. चार दिवसांनी विषय मिटला, असं सगळे म्हणाले. आमच्या घरात तो मिटला नाही. पुढे किती तरी महिने माझे वडील गेटवर कुणी सांगायच्या आधीच स्वतःहून पिशवी उघडून दाखवायचे. वॉचमन म्हणायचा, "राहू द्या हो." तरी दाखवायचे.

म्हणून 'मिटलं' हा शब्द वाचला तेव्हा तुझा मला राग आला. लपवत नाही. तुझं मिटलं, कंपनीचं मिटलं, काकांचं मिटलं का, हे तू विचारलंस? तुझ्या पत्रात काकांसाठी अर्धं वाक्य आहे. तू वाईट मुलगा असतास तर तेवढंही लिहिलं नसतंस, हेही मला दिसतं.

आता त्या तुकड्याविषयी बोलू, कारण त्याचंही तू नुकसान केलंस, आणि ते नुकसान तुझंच आहे.

मशीनवर 50.00 आणि चहानंतर 49.98. तू यावरून काय समजलास? आपल्याला मोजताच येत नाही, असं. अरे, तू दोन्ही वेळा बरोबर मोजलं होतंस! पोलाद तापलं की फुगतं आणि निवलं की आकसतं. 50 मिलिमीटर व्यासाचा पोलादी जॉब, म्हणजे कातायला घेतलेला तुकडा, मोजायच्या मायक्रोमीटरपेक्षा 35-40 अंशांनी गरम असेल तर तो साधारण वीस मायक्रॉन जास्त दाखवतो. वीस मायक्रॉन म्हणजे 0.02 मिलिमीटर. तुझा फरक किती होता? तेवढाच. कातताना जॉब गार ठेवणारं कूलंट कमी असेल किंवा बंद असेल, शेवटचा कट घेऊन तू लगेच मायक्रोमीटर लावला असशील. गरम जॉब 50.00 दिसला. चहा होईतो तो निवला आणि आपल्या खऱ्या मापावर आला. जगभर लांबीच्या मापासाठी 20 अंश सेल्सिअस हे तापमान धरतात ते याचसाठी. मायक्रोमीटरच्या फ्रेमवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्याही तुझ्या तळहाताची ऊब आत उतरू नये म्हणून. माझे वडील फिनिश कट घ्यायच्या आधी जॉब निवू द्यायचे, तोवर हत्यारं पुसत बसायचे. घरी मी गरम चहा बशीत ओतून घाई केली की म्हणायचे, "निवू दे, मग माप घे." लहानपणी मला त्याचा अर्थ कळायचा नाही.

आयटीआयमध्ये तुला हे बहुधा कधी अडलं नसेल. तिथे जॉब सावकाश व्हायचा, सर तपासायला येईपर्यंत तो गार झालेला असायचा. वर्गात दुसरा येणारा मुलगाही इथे फसतो, आणि कोणीतरी एकदा सांगितलं की आयुष्यभर पुन्हा फसत नाही. मशीन लावून देणाऱ्या सेटरने अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. त्यासाठी काय लागलं असतं? तो पीस त्याच्या हातात ठेवून म्हणायचं, "मघाशी बरोबर होता, आता कमी भरतोय." बस. रिजेक्शनचा लाल ट्रे शॉपमध्ये असतो तो माणसाची लाज काढायला नसतो. कुठल्या मशीनवर, किती कमी, कशामुळे, हे त्या पीसवरून कळतं. टूल झिजलंय का, कूलंटचा पाइप तुंबलाय का, की मोजणारा घाई करतोय. तू पीस नदीत टाकलास तेव्हा हे उत्तरही टाकलंस, आणि मग 'मला काहीच येत नाही' हे ओझं घेऊन घरी गेलास. ते त्या किलोभर पोलादापेक्षा जड निघालं.

आणखी एक. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात स्पष्ट म्हटलंय की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. म्हणजे तू तिथे शिकायला आहेस, हे कागदावर, सहीनिशी ठरलेलं आहे. शिकणाऱ्याच्या हातून माल वाया जातो हे कंपनीला तुझ्या आधीपासून माहीत आहे. पीस बिघडवण्याची मुभा तुला होती. तो गेटबाहेर नेण्याची नव्हती.

तेव्हा लाइन बदलू का, हा प्रश्न मी आज घेतच नाही. आधी एक काम कर.

तू फर्स्ट शिफ्टला असशील तर सोमवारी दुपारी शिफ्ट बदलायच्या वेळी घरी पळू नकोस. ती दहा मिनिटं अशी असतात की जाणारे आणि येणारे दोघंही मशीनपाशी असतात. काका आले की त्यांना हाक मार. सुपरवायझरना तिथेच बोलव. सुपरवायझरना केबिनमध्ये एकट्याला गाठून सांगू नकोस. काकांना विचारलं ते चारचौघांत, तर तुझं सांगणंही त्यांच्यासमोर व्हायला हवं. आणि सुपरवायझरकडे बघून बोलू नकोस, काकांकडे बघून बोल. म्हण, "काका, 11 तारखेचा कमी पडलेला पीस माझ्या हातून अंडरसाइज झाला होता. मी घाबरलो, पिशवीतून नेला आणि नदीत टाकला. तुम्हाला विचारत होते तेव्हा मी तिथेच होतो आणि गप्प बसलो." एवढंच. पुढे 'पण' लावू नकोस. सुपरवायझर ओरडतात म्हणून, नवीन होतो म्हणून, यातलं काही नको. मोजण्याचा जो खुलासा मी वर दिलाय तोही त्या क्षणी नको, नाहीतर ती तुझी वकिली होईल. तो दुसऱ्या दिवशी सेटरला विचार.

काय होईल? कंपनीचा माल गेटबाहेर नेणं ही साधी गोष्ट नाही. लेखी खुलासा मागतील. मागितला तर खरं तेच लिहून दे, मामाला मजकूर करायला लावू नकोस. पिसाचे पैसे कापतो म्हणाले तर त्यावर वाद घालू नकोस. याहून कडक काही करणारच नाहीत, अशी हमी मी देऊ शकत नाही. देत असते तर तुला फसवलं असतं. तरी जा. काढून टाकलंच तर मामाच्या दुकानात मान वर करून बसशील. न सांगता आपणहून सोडून गेलास तर त्याच दुकानात कुणी पीस मोजायला लागलं तरी तुझ्या पोटात गोळा येईल.

आणि ठेवून घेतलं, जे मला जास्त शक्य वाटतं, तर काकांच्या शेजारी उभं राहायला शिक. सेकंड शिफ्ट मागून घे. त्यांनी तुला काही शिकवावं असा तुझा हक्क आता उरलेला नाही, पण माझ्या वडिलांच्या पिढीतली ही माणसं मी पाहिली आहेत. खरं बोलणाऱ्या पोराला ती फार दिवस लांब ठेवत नाहीत. दोन दिवस बोलणार नाहीत. तिसऱ्या दिवशी मागून येऊन म्हणतील, "एवढा कट घेऊ नकोस." ते ऐकलंस की समज.

सोमवारी सकाळी जाताना उंटवाडीचा पूल लागेल. नंदिनी म्हण की नासर्डी, आधीच त्या नदीत आपण शहराने फार काही टाकलंय. कठड्यापाशी थांबू नकोस, उशीर होईल.

मग मला पत्र लिही. सुपरवायझर काय म्हणाले ते नाही कळवलंस तरी चालेल. काका काय म्हणाले ते मात्र त्यांच्याच शब्दांत लिही.

तुझी,
ताई