आईसोबत एक दिवस माथेरान

प्रश्न: ताई, आम्ही घोडबंदर रोडला राहतो, दिवसभर हॉर्न आणि धूळ. बाबा गेल्यापासून आई बाहेरच पडत नाही. तिला एक दिवस कुठेतरी शांत न्यायचंय, पण मुक्काम नको म्हणते. वय 69, गुडघे दुखतात, सावकाश चालते. माथेरान जमेल का? मागे रविवारी गेलो होतो तेव्हा गर्दीत नुसते पॉइंट उरकत फिरलो.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: जमेल, नक्की जमेल. फक्त रविवार सोडा, मंगळवार-बुधवारची एक रजा टाका आणि आईंना घेऊन जा. सकाळी ठाण्याहून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडा, त्या वेळी सगळी गर्दी मुंबईकडे जात असते त्यामुळे उलट्या दिशेला आईंना खिडकी मिळायला हरकत नाही. नेरळला उतरून टॅक्सीने दस्तुरी नाका, गाड्या तिथपर्यंतच जातात. नेरळहून वर जाणारी मिनी ट्रेन 1907 सालची, फार गोड आहे, पण दोन तासांच्या वर घेते, एका दिवसाच्या फेरीत तेवढा वेळ आणि आईंची पाठ दोन्ही जपायला हवं. त्या ट्रेनची हौस अमन लॉज स्टेशनहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या शटल ट्रेनमध्ये फिटते, दस्तुरीपासून ते स्टेशन जवळच आहे. तिकिटाला रांग लागते, तुम्ही उभे राहा, आईंना बसवा. ई-रिक्षाही आहेत आता.

आणि पॉइंट एकच करा, ऐका माझं. बाजारातून थांबत थांबत शार्लोट लेकला जा, वाटेत लाल माती, डोक्यावर दाट झाडं, आणि गाड्यांना बंदी असल्याने घोड्यांच्या टापा सोडल्या तर कानावर काहीच येत नाही. माझ्या आईला नेलं तेव्हा ती मध्येच थांबून म्हणाली, अगं आपल्या चपलांचा आवाज येतोय बघ. ठाण्यात कधी ऐकलाय का आपण तो? तळ्याजवळ पिसरनाथाचं देऊळ आहे, माथेरानचं ग्रामदैवत, तिथे दर्शन घ्या आणि मग नुसतं बसा, तासभर, दोन तास, फोन बॅगेत. बाबांचा विषय निघाला तर निघू दे, लगेच दुसरीकडे वळवू नका. बोलल्या नाहीत तरी चालेल.

आईंना सांगायला एक गोष्ट, 1850 मध्ये ही जागा इंग्रजांच्या नजरेत आणली ती आपल्या ठाण्याच्याच कलेक्टरने, ह्यू मॅलेट नावाच्या. म्हणजे ठाणेकरांचं नातं जुनं आहे.

बूट घालायला लावा, मातीत चप्पल घसरते. गुडघ्यावरची गोळी आणि पाणी जवळ हवं. शेवटच्या शटलवर विसंबू नका, चारच्या सुमारास परत फिरा. चिक्की निघतानाच घ्या आणि पिशवीत तळाशी ठेवा, पाकीट हातात दिसलं की माकडं सरळ ओढून नेतात आणि आई घाबरतील.